कॉन्ट्रास्ट आणि कामातला मेंदू : प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९९१ च्या ‘सायन्स’च्या अंकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जॅक बेलिव्हो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डोळ्यांसमोर प्रकाश लुकलुकत असताना माणसाच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्रात रक्ताचे आकारमान सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते, हे त्यांनी एमआरआयच्या साहाय्याने दाखवले होते. कवटी न उघडता आणि किरणोत्सर्गी पदार्थ न वापरता कामातल्या मानवी मेंदूचा नकाशा काढण्याची ही सुरुवात होती. त्यासाठी गॅडोलिनियमचे इंजेक्शन दोनदा द्यावे लागले, एकदा अंधारात आणि एकदा प्रकाशासमोर. पुढच्या वर्षभरातच हे इंजेक्शन अनावश्यक ठरले. १९९२ मध्ये केनेथ क्वाँग, सेइजी ओगावा आणि पीटर बँडेटिनी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बाहेरून काहीही न टोचता, रक्तातील ऑक्सिजनच्या चढउतारावरून असाच नकाशा काढता येतो. तेव्हापासून फंक्शनल एमआरआयचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे : कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन ही पहिली पायरी होती, ती ओलांडली, विषय संपला. ही रीत अपुरी आहे, या जाणिवेतून प्रस्तुत पुस्तक उभे राहिले आहे. कॉन्ट्रास्ट द्रव्य फंक्शनल एमआरआयमधून कधी गेलेच नाही. १९९२ नंतर त्याचा फक्त मालक बदलला. गॅडोलिनियमच्या जागी ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन आले. ते शरीर स्वतः तयार करते आणि त्याची मात्रा प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसते. मेंदूच्या रंगीत चित्रांबद्दलचे आजचे बहुतेक वाद या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, आणि ते सोडवायचे तर मात्रा ठाऊक असलेले, बाहेरून दिलेले द्रव्य पुन्हा हाती घ्यावे लागते.

नवख्या वाचकासाठी थोडे मूलभूत बोलायला हवे. एमआरआयचे यंत्र कॉन्ट्रास्ट द्रव्य पाहत नाही. ते पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके पाहते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ही केंद्रके ठरावीक वारंवारतेने गिरक्या घेतात, रेडिओ लहरींनी त्यांना हलवले की ती सिग्नल देतात आणि मग हळूहळू पूर्वस्थितीला येतात. हे तत्त्व फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. (ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगशाळेत काम केलेल्या एस. एस. धर्माट्टी यांनी पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.) गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यामुळे तो स्वतःच एक छोटा, अस्वस्थ चुंबक होतो आणि शेजारच्या पाण्याची पूर्वस्थितीला येण्याची गती बदलतो. मोकळा आयन विषारी, म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून देतात. बर्लिनच्या शेरिंग कंपनीने तयार केलेले असे पहिले द्रव्य १९८८ मध्ये अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाले.

रुग्णालयात त्याचा उपयोग होतो तो गळतीमुळे. निरोगी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती गॅडोलिनियमला बाहेर पडू देत नाहीत. गाठ किंवा सूज असेल तिथे भिंत फुटलेली असते, द्रव्य पाझरते आणि ती जागा चित्रात उजळते. फंक्शनल वापराचा आधार याच्या नेमका उलट आहे. द्रव्य वाहिनीच्या आतच राहिले की वाहिनी आणि भोवतालची ऊती यांच्या चुंबकीय गुणधर्मांत तफावत पडते, आजूबाजूच्या पाण्याच्या गिरक्यांचा ताळमेळ बिघडतो आणि सिग्नल खाली जातो. जिथे रक्त जास्त, तिथे घसरण जास्त. आर्नो फिलिंगर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही घसरण निरोगी मेंदूत दाखवली, आणि बेलिव्हो यांचा प्रयोग तिच्यावरच उभा राहिला. एकच द्रव्य, पण गाठ शोधणारा डॉक्टर त्याच्या बाहेर पडण्यावर विसंबतो आणि मेंदूचे काम पाहणारा त्याच्या आत राहण्यावर. गाठीजवळचा मेंदू तपासायची वेळ येते तेव्हा या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. पुस्तकातील शस्त्रक्रियेविषयीचा भाग याच अडचणीभोवती लिहिलेला आहे.

पण मेंदूचे काम पाहण्यासाठी रक्त का पाहायचे? चेतापेशींचे काम विजेचे आणि रसायनांचे आहे. रक्त त्यांच्यामागून येते. इटलीत आंजेलो मॉस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवटीला छिद्र पडलेल्या रुग्णांमध्ये मेंदूचे स्पंदन मोजले, आणि १८९० मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स रॉय व चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांडले की मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्याकडे रक्त ओढून घेतो. शेताच्या कोणत्या वाफ्याला पाणी चालू आहे, हे बांधावर उभे राहून पाटाच्या पाण्यावरून ओळखण्यासारखा हा प्रकार आहे. अंदाज बहुधा बरोबर येतो. पण दारे धरणारा कधी गरजेपेक्षा जास्त पाणी सोडतो, कधी शेजारच्या वाफ्यातही ते पसरते, आणि पिकाने प्रत्यक्ष किती शोषले हे पाट सांगत नाही. मेंदूतही गरजेपेक्षा जास्तच सुटते. पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी १९८६ मध्ये पीईटी तपासणीने दाखवले की संवेदनेच्या वेळी रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो, तर ऑक्सिजनचा वापर जेमतेम ५ टक्क्यांनी. म्हणजे काम करणाऱ्या भागातून बाहेर पडणाऱ्या शिरांमध्ये ऑक्सिजन उलट वाढलेला असतो. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते की ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जात नाही आणि ऑक्सिजन सोडलेले ओढले जाते. ओगावा यांनी १९९० मध्ये बेल लॅब्जमध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दोन धागे जोडले, आणि ‘बोल्ड’ नावाने ओळखला जाणारा सिग्नल जन्मला.

बोल्ड जिंकला हे योग्यच झाले. गॅडोलिनियमचा लोंढा मेंदूतून काही सेकंदांत निघून जातो, म्हणून एका इंजेक्शनमागे एकाच अवस्थेचा फोटो मिळतो. दोन अवस्थांची तुलना करायची तर दोन इंजेक्शने; वाचन, आठवण, भीती, निर्णय अशा वीस अवस्था तपासायच्या म्हटल्या तर पद्धतच कोसळते. बोल्डमध्ये तोच माणूस तासभर यंत्रात पडून शेकडो वेळा तेच काम करू शकतो, आणि सरासरी काढली की गोंगाटातून सिग्नल वर येतो. संज्ञानात्मक मानसशास्त्राची गेल्या तीन दशकांतील भरभराट या सोयीशिवाय झाली नसती. जे लेखक बोल्डला कमअस्सल ठरवून कॉन्ट्रास्टची बाजू मांडतात त्यांच्याशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. तक्रार वेगळी आहे. बोल्डचा आकडा तीन राशींच्या खेचाखेचीतून निघतो : रक्तप्रवाह, रक्ताचे आकारमान आणि ऑक्सिजनचा वापर. प्रवाह वाढला की सिग्नल वर जातो. वापर वाढला की खाली. आकारमान वाढले की, निदान शिरांच्या बाजूने, तोही खाली. दोन माणसांचे आकडे वेगळे आले तर तिघांपैकी कोण बदलले हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय सिग्नलचा मोठा वाटा कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाह्य आवरणाच्या, पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांमधून येतो आणि त्या कामाच्या जागेपासून दूर असतात. एका व्यक्तीत ‘इथे काहीतरी घडले’ एवढेच सांगायचे असेल तर हे चालून जाते. तरुण आणि वृद्ध, निरोगी आणि मधुमेही, औषध घेतलेला आणि न घेतलेला यांची तुलना करायची असेल तर चालत नाही, कारण या साऱ्यांत रक्तवाहिन्याच बदललेल्या असतात. मग चेतापेशी मंदावल्या की वाहिन्या कडक झाल्या, हे बोल्डचे चित्र आपण होऊन सांगत नाही.

या गुंत्यातून वाट काढणारा पहिला आणि आजवरचा सर्वांत फलदायी प्रवाह लोहाच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांचा आहे. ‘मायॉन’ या नावाने प्रयोगशाळांत रुळलेले हे कण गॅडोलिनियमपेक्षा कितीतरी जास्त चुंबकीय असतात आणि रक्तात तासन्‌तास टिकतात. त्यामुळे बेलिव्हो यांची अडचण सुटली : एकदा द्रव्य दिले की दिवसभर प्रयोग करता येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कणांचे प्रमाण पुरेसे ठेवले की हिमोग्लोबिनचा आवाज त्यांच्यापुढे दबतो आणि सिग्नल जवळजवळ निव्वळ रक्ताच्या आकारमानाचा होतो. तीन अज्ञातांपैकी दोन गप्प बसवले जातात. गंमत अशी की इथे चित्र उलटे असते. मेंदू कामाला लागला की सिग्नल पडतो, आणि ही पद्धत नव्याने शिकणाऱ्याला सवय व्हायला वेळ लागतो. जोसेफ मँडेव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदराच्या पंजाला उत्तेजन देऊन ही पद्धत घट्ट केली. २००१ मध्ये विम व्हानडफेल आणि सहकाऱ्यांनी ती जाग्या माकडांवर नेली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्का लाइट व सहकाऱ्यांनी ३ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या यंत्रात माकडांमध्ये दाखवले की मायॉनमुळे सिग्नलची ताकद बोल्डच्या सुमारे तिप्पट होते. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्यासाठी तिपटीचा अर्थ व्यवहाराचा आहे : सरासरीची अचूकता पुनरावृत्तींच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून तिप्पट सिग्नल म्हणजे साधारण नवव्या हिश्श्याच्या पुनरावृत्ती. माकडाला यंत्रात कमी वेळ बसवावे लागते, आणि एका दिवसात असा प्रश्न विचारता येतो जो आधी आठवडाभर खात असे.

ताकदीपेक्षाही जागेची अचूकता मोलाची ठरली. पिट्सबर्गमध्ये सोंग-गी किम यांच्या गटाने २००६ मध्ये मांजरांच्या दृष्टिक्षेत्रावर केलेल्या कामात बोल्डचा सिग्नल कॉर्टेक्सच्या पृष्ठभागाकडे झुकलेला दिसला, तर लोहकणांचा सिग्नल मधल्या, चौथ्या थरात सर्वाधिक होता. डोळ्यांकडून येणारी माहिती प्रामुख्याने त्याच थरात उतरते. त्याच गटाने रेषांच्या दिशेनुसार विभागलेले स्तंभही लोहकणांनी टिपले आणि प्रकाशीय पद्धतीच्या नकाशाशी ताडून पाहिले. कॉर्टेक्सची जाडी दोन-तीन मिलिमीटर. तिच्यातले थर वेगळे दिसू लागले की ‘कोणता भाग’ या प्रश्नापुढे जाऊन ‘माहिती आत येते आहे की बाहेर जाते आहे’ असे विचारता येते. आज माणसांमध्ये ७ टेस्लाच्या यंत्रांवर थरनिहाय फंक्शनल एमआरआयची जी लाट आली आहे, तिच्या आत्मविश्वासाचे मूळ या प्राणिप्रयोगांत आहे.

याच प्रवाहात एक वाद आहे जो अजून मिटलेला नाही, आणि या विषयाचा स्वभाव त्यातून जितका कळतो तितका यशोगाथांतून कळत नाही. उत्तेजन थांबले की बोल्डचा सिग्नल मूळ पातळीवर येऊन थांबत नाही. तो तिच्याही खाली जातो आणि बराच वेळ तिथे रेंगाळतो. का? मँडेव्हिल यांच्या गटाला उंदरांत दिसले की प्रवाह लवकर पूर्ववत होतो, आकारमान मात्र सावकाश ओसरते. रिचर्ड बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी, १९९८ मध्ये, शिरा फुग्यासारख्या ताणल्या जातात आणि हळू आक्रसतात असे गणिती प्रारूप मांडले. लोहकणांचे मोजमाप आणि गणित इतके नेमके जुळले की अनेकांनी प्रश्न सुटला असे मानले. मग विरोधी पुरावे आले. किम यांच्या गटाच्या पुढील कामातून आकारमानातील वाढ मुख्यतः धमन्यांच्या बाजूची असल्याचे दिसले, शिरांचा फुगा मग कुठे राहिला? २००८ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेनच्या येन्स फ्राम यांच्या गटाने माणसात या घसरणीचे कारण वाढलेले आकारमान नाही, असा निष्कर्ष मांडला. रक्त परतले तरी पेशी आपल्या आयनांची घडी पुन्हा बसवण्यासाठी ऑक्सिजन वापरत राहतात, हे दुसरे स्पष्टीकरण त्यामुळे बळावले. आमच्या मते सत्य या दोहोंत विभागलेले आहे आणि त्यांचे प्रमाण प्राणी, भूल आणि उत्तेजनाचा कालावधी यांनुसार बदलते. पण इथे लक्ष वेधायचे आहे ते दुसरीकडे. हा वाद घालता येतो कारण एका राशीला वेगळे काढून मोजणारे द्रव्य हाताशी आहे. निव्वळ बोल्डच्या आधारे दोन्ही पक्ष कायमचे बरोबर राहिले असते.

दुसरा प्रवाह मँगनीजचा. चेतापेशी उत्तेजित होते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरते, आणि मँगनीजचा आयन त्याच दारातून आत जातो. शिवाय तो गॅडोलिनियमप्रमाणे चित्र उजळवतो. १९९७ मध्ये यि-जेन लिन आणि अ‍ॅलन कोरेत्स्की यांनी उंदराच्या मेंदूत मँगनीज सोडून दाखवले की काम करणाऱ्या जागा रक्ताच्या मध्यस्थीविना उजळतात. मँगनीज एकदा आत शिरले की लवकर बाहेर पडत नाही, आणि हा त्याचा गुणही आहे. प्राण्याला यंत्राबाहेर मोकळे वागू द्यावे, मग भूल देऊन चित्र घ्यावे, आणि गेल्या काही तासांत मेंदूचे कोणते भाग राबले याची नोंद वाचावी. एका चेतापेशीतून दुसरीत ते सरकत जाते, म्हणून १९९८ पासून मेंदूतील मार्ग शोधण्यासाठीही ते वापरले गेले. अँटवर्पमध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या गायनाचे मार्ग याच रीतीने पाहिले गेले. अडचण विषारीपणाची आहे. मँगनीजच्या धुळीत काम करणाऱ्या मजुरांचा कंपवातासारखा आजार कूपर यांनी स्कॉटलंडमध्ये १८३७ साली नोंदवला होता. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात ज्या खनिजावर कित्येक घरे चालली, ते मेंदूच्या खोल केंद्रांत साठते तेव्हा नुकसान करते. म्हणून हा प्रवाह जवळजवळ पूर्णपणे प्राण्यांपुरताच राहिला आहे आणि तिथेच राहील, असे वाटते.

तिसरा प्रवाह सर्वांत महत्त्वाकांक्षी. एमआयटीमधील अ‍ॅलन जॅसनॉफ यांच्या प्रयोगशाळेने आणि इतर काही गटांनी असे रेणू घडवायला घेतले जे विशिष्ट रसायन भेटले तरच सिग्नल बदलतील. २००६ मध्ये कॅल्शियम ओळखणारे लोहकण आले. २०१० मध्ये एका जिवाणूच्या प्रथिनात बदल करत करत, त्यातून डोपामिन हे चेतापेशींचे संदेशवाहक रसायन धरणारे प्रकार निवडत, एक संवेदक तयार झाला. या कामात सहभागी असलेल्या फ्रान्सिस आर्नल्ड यांना पुढे २०१८ मध्ये अशाच निर्देशित उत्क्रांतीच्या पद्धतीसाठी नोबेल मिळाले. २०१४ मध्ये त्याच धर्तीच्या संवेदकाने जिवंत उंदराच्या मेंदूत डोपामिन कुठे आणि किती सुटते याचा नकाशा काढला. ‘रक्त वाढले’ या वाक्याच्या जागी ‘इथे डोपामिन सुटले’ असे वाक्य एमआरआय बोलू लागला, ही मोठी झेप आहे. तरीही उत्साहाला लगाम हवा. हे रेणू केशवाहिन्यांची भिंत ओलांडत नाहीत, त्यांना मेंदूत नळीने सोडावे लागते. सिग्नल दिसायला त्यांचे प्रमाण बरेच लागते. आणि इतका संवेदक एखाद्या जागी भरला की तो मोजायचे रसायनच काही अंशी धरून ठेवतो. पहिल्या संवेदकांना वीस वर्षे होत आली, तरी काम प्राण्यांतच आहे.

आता आक्षेप. पहिला आणि गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा आणि अवयव कडक करणारा एक दुर्धर आजार गॅडोलिनियमशी जोडलेला आहे, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. २०१४ मध्ये तोमोनोरी कांडा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूतील काही केंद्रे कॉन्ट्रास्टविना घेतलेल्या चित्रांतही उजळ दिसतात. पुढे शवविच्छेदनात तिथे गॅडोलिनियम सापडले. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने सैल पिंजऱ्याची, म्हणजे सरळ साखळीची, अनेक द्रव्ये थांबवली आणि अमेरिकेच्या नियामकाने सर्वच गॅडोलिनियम द्रव्यांवर इशारा छापायला लावला. या साठ्यामुळे निरोगी मूत्रपिंडाच्या लोकांत आजार होतो असे सिद्ध झालेले नाही, हेही तितकेच खरे. लोहकणांपैकी फेरुमॉक्सिटॉल हे २००९ पासून पंडुरोगावरचे औषध आहे. त्याच्या आधाराने २०१२ नंतर माणसांतही आकारमानाचे फंक्शनल एमआरआय करून झाले, पण २०१५ मध्ये त्याच्यावरही तीव्र अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा आला. आमची भूमिका स्पष्ट आहे : केवळ संशोधनाच्या कुतूहलापोटी निरोगी स्वयंसेवकाला नेमाने कॉन्ट्रास्ट टोचणे समर्थनीय नाही. ज्याला उपचारासाठी ते द्यायचेच आहे, त्याच्या त्याच तपासणीतून फंक्शनल माहितीही काढणे मात्र समर्थनीय आहे, आणि आजवर ही संधी फार वाया गेली आहे.

दुसरा आक्षेप असा की इंजेक्शनविना तेच साधते, मग खटाटोप कशाला? १९९२ पासून मानेतल्या धमनीतील पाण्यावरच चुंबकीय खूण करून रक्तप्रवाह मोजता येतो. २००३ मध्ये हानझांग लू आणि सहकाऱ्यांनी ‘व्हासो’ पद्धतीने रक्ताचा सिग्नल शून्य करून आकारमान मोजले. आणि थरनिहाय अभ्यासात आज व्हासो आघाडीवर आहे. हे सर्व मान्य. माणसांसाठी भविष्य बहुतांशी याच पद्धतींचे आहे. पण व्हासो खरोखर आकारमानच मोजते का, हे तपासायला तिला प्राण्यांत लोहकणांशी ताडून पाहावे लागले. मोजपट्टी खरी की खोटी हे ठरवायला आणखी एक मोजपट्टी लागते, आणि ती भूमिका अजून तरी बाहेरून दिलेली द्रव्येच निभावत आहेत.

तिसरा आक्षेप अधिक मुळावर जातो : आकारमान काय, प्रवाह काय, सारे रक्तच, चेतापेशी कुठे आहेत? निकोस लोगोथेटिस यांनी २००१ मध्ये माकडांत विद्युतनोंद आणि बोल्ड एकाच वेळी घेऊन दाखवले की सिग्नल पेशींच्या बाहेर पडणाऱ्या ठिणग्यांपेक्षा आत येणाऱ्या आणि स्थानिक प्रक्रियेच्या विद्युतप्रवाहांशी जास्त जुळतो. म्हणजे नाते आहे, पण ते सरळ नाही. रक्ताला वळसा घालून थेट चेतापेशींचे काम एमआरआयने टिपल्याचा दावा २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाला, आणि नंतर इतर प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. रक्तापासून सुटका हवी ही इच्छा किती प्रबळ आहे, हे त्यातून दिसते. मँगनीज आणि आण्विक संवेदक ही सुटका देतात, त्यांच्या साऱ्या मर्यादांसह, आणि आजमितीस त्याहून भक्कम उत्तर कोणाकडे नाही.

हे सारे आत्ताच का वाचावे, याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी भाषा आणि हालचालीची केंद्रे कुठे आहेत हे पाहण्यासाठी बोल्ड वापरला जातो. गाठीच्या आसपासच्या वाहिन्या आधीच ताणलेल्या, विस्कळीत असतात. पेशी काम करत असूनही त्या वाहिन्या रक्त वाढवू शकत नाहीत. चित्र गप्प राहते, आणि गप्प चित्राचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा घेतला तर रुग्णाची वाचा जाऊ शकते. अशा रुग्णांना गाठीसाठी कॉन्ट्रास्ट बहुधा दिलेच जाते. त्यातून मिळणारा रक्ताचा नकाशा आणि बोल्डचा नकाशा शेजारी ठेवले तर कोणत्या जागेच्या गप्पपणावर विश्वास ठेवू नये, हे कळू शकते. वार्धक्य, रक्तदाब, मधुमेह यांच्या अभ्यासातही हाच पेच आहे, आणि ज्या समाजात हे आजार घरोघर आहेत तिथल्या संशोधकांनी तरी बोल्डचा फरक थेट बुद्धीचा फरक म्हणून छापू नये.

पुस्तकाच्या मर्यादेबद्दल थोडे. ते रेडिओलॉजीचे पाठ्यपुस्तक नाही आणि प्रयोगशाळेची हस्तपुस्तिकाही नाही. मानसशास्त्र, भौतिकशास्त्र आणि वैद्यक या तीन शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच टेबलाशी बसवावे, एवढा त्याचा प्रयत्न आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाहिन्यांचा स्वभाव अनोळखी असतो आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला गिरक्या घेणारी केंद्रके. म्हणून गणित कमी ठेवले आहे आणि प्रयोगांची रचना जास्त सांगितली आहे, कारण या विषयात निष्कर्षांपेक्षा प्रयोगाची आखणी जास्त शिकवून जाते. संज्ञा मराठीत रुळलेल्या असतील तिथे मराठी घेतल्या आहेत; रुग्णालयात सगळे ज्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याला पुस्तकातही कॉन्ट्रास्टच म्हटले आहे. आण्विक संवेदकांचा भाग सर्वांत आकर्षक आहे, आणि अनेक वाचक थेट तिकडेच वळतील असा अंदाज आहे. त्यांना विनंती एवढीच की रक्तवाहिन्यांचा भाग आधी वाचावा. तो न कळता संवेदकांचे यश किंवा अपयश जोखता येणार नाही.

एक सूचना ज्यांना स्वतःच्या तपासणीसाठी कॉन्ट्रास्ट घ्यायला सांगितले आहे त्यांच्यासाठी. हे पुस्तक वाचून इंजेक्शन घ्यावे की घेऊ नये, हे ठरवू नका. मूत्रपिंडाचा आजार, आधी झालेली अ‍ॅलर्जी आणि गरोदरपण या तीन गोष्टी तपासणीपूर्वी डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना न विसरता सांगा, आणि कोणते द्रव्य दिले त्याचे नाव आपल्या कागदपत्रांत लिहून घ्या.